साडूच्या भिंतीवरची निळी नळी

हेवा करायला ठोकेकाकांना कारण लागत नसे. समोर एखादी वस्तू असावी आणि ती दुसऱ्याची असावी, एवढं पुरे. शेजाऱ्याचं फाटक न करकरता उघडलं, की यांच्या पोटात करकर सुरू व्हायची. एकदा पाय मोडून दवाखान्यात पडले होते, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं प्लास्टर आपल्यापेक्षा मोठं आहे म्हणून त्याच्याशी धड बोलले नाहीत. तो बिचारा घरी जाताना निरोप घ्यायला आला, तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. "एवढं बांधलं होतं आणि माझ्याआधी सुटला!" हे नवीन दुखणं त्यांनी घरी आल्यावर काकूंना सांगितलं.

बाकी माणूस सोन्यासारखा. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. दिवसभर दुसऱ्यांना नट, बोल्ट आणि वायसर काढून द्यायचे, ते घेऊन लोक यंत्रं जोडायचे आणि काकांनी नुसतं बघत बसायचं. ती भूक ते घरी येऊन भागवत. घराला चिकटून एक गॅरेज होतं. त्यात गाडी सोडून सगळं होतं. गल्लीतले बंद पडलेले पंखे, शिलाईची यंत्रं, मुलांच्या सायकली तिथे दुरुस्तीला येत, आणि चहा झाला की आतून ठाकठोक सुरू होई. त्या आवाजावरून मुलांनी ठेवलेलं ठोकेकाका हे नाव पुढे मोठ्यांच्याही तोंडी बसलं. दुरुस्तीचा मोबदला ते घेत नसत. माणसानं वस्तू नेताना दारात थांबून "काका, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा" एवढं म्हणावं. कुणी विसरला, तर दाराची कडी घालताना ती जरा जोरात घातली जाई.

सासुरवाडीला तर हे ठरूनच गेलं होतं. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांची एक जुनी मोटरसायकल होती, ऐन तारुण्यात घेतलेली. तिच्यावर त्यांचा मुलींपेक्षा काकणभर जास्तच जीव होता, असं त्यांच्या दोन्ही मुलींचं मत. मुली त्यांनी परक्यांच्या हाती दिल्या, मोटरसायकल मात्र थोरल्या जावयाखेरीज कुणाला हात लावू दिली नाही. तिची साखळी काकांनी बदलायची, तिचा कार्ब्युरेटर काकांनी धुवायचा. धाकटा जावई आला तरी यात फरक पडला नाही, कारण तो चष्म्यांच्या दुकानाचा मालक. जगातला सगळ्यात मोठा स्क्रू त्यानं पाहिला तो चष्म्याच्या काडीचा, असं काका खाजगीत म्हणत. खाजगीत म्हणजे जेवायच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, पण साडू हात धुवायला गेल्यावर.

आणि याच चष्मेवाल्यानं नवीन घर घेतलं. घराला गॅरेज होतं.

"दादा, या ना, एक गंमत दाखवतो," असं म्हणत साडूनं त्यांना हाताला धरून आत नेलं, त्या संध्याकाळी काकांचं आयुष्य दोन तुकड्यांत विभागलं गेलं. पांढऱ्या स्वच्छ भिंतीवरून एक निळी नळी गेली होती. कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरमधून निघून, छताखालून पलीकडच्या भिंतीपर्यंत. तिच्यावरून ठिकठिकाणी खाली फांद्या उतरल्या होत्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला पितळी तोंड होतं. साडूनं त्यातल्या एका तोंडाला गुंडाळीचा पाइप टक् करून लावला, आणि पुढच्या क्षणी काकांच्या शर्टावरचा दिवसभराचा धुरळा फर्रर्रकन उडाला.

"हव्या त्या कोपऱ्यात हवा," साडू लहान मुलासारखा हसला. "चाक भरा, धूळ उडवा, रंग मारा. कॉम्प्रेसर ओढत फिरायला नको. कशी वाटली?"

"बरी आहे," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बरी' निघालं म्हणजे आत काय पेटलं असेल ते काकूंनी ओळखलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

खरा घाव बसला तो जेवताना. आप्पा म्हणाले, "माझ्या गाडीला रंग द्यायचाय. पहिला होता तसाच, गर्द हिरवा. डोळे मिटायच्या आधी तिला एकदा नवी बघायचीय."

"देऊ की," काका म्हणाले. "उद्याच कुंचले भिजत घालतो."

"कुंचल्यानं नको थोरले. मागल्या वेळी तुम्ही पेटी रंगवलीत, तिच्यात कुंचल्याचे केस अजून दिसतात. धाकट्यांकडे आता हवा आहे. फवाऱ्यानं कसा काचेसारखा रंग बसतो. गाडी त्यांच्याकडे पाठवू."

काकांचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत ती गाडी दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहिली नव्हती. साडू काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "हवा माझ्याकडेही येतेय. काम चालूच आहे."

"कुठे चालू आहे?" काकूंनी विचारलं. त्यांना टेबलाखालून पायाचा धक्का बसला.

आप्पा जुने, व्यवहारी. ते म्हणाले, "मग असं करा. पुढचं मडगार्ड थोरल्यांनी न्या, मागचं धाकट्यांनी. पुढल्या महिन्यात दोन्ही माझ्यासमोर ठेवा. ज्याचं चांगलं, त्याच्याकडे गाडी."

झालं. काकांची झोप उडाली ती उडालीच.

कॉम्प्रेसर मिळाला तो बंद पडत चाललेल्या एका पंक्चरवाल्याकडचा. चालू झाला की गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यासारखा आधी कण्हायचा आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं खोकायचा. नळी मात्र काकांनी निळी घेतली नाही. "ती खेळण्यातली! आपण लोखंडाची माणसं," असं म्हणून त्यांनी जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी नळी आणली. लोखंडी नळीला आटे पाडावे लागतात, आटे पाडताना नळी घट्ट धरायला शिकंजा लागतो, शिकंज्याला भक्कम टेबल लागतं. म्हणून काकूंचं इस्त्रीचं टेबल गॅरेजमध्ये गेलं आणि महिनाभर घरातले कपडे चुरगळलेलेच राहिले.

प्रश्न एकच होता. नळी भिंतीवर कशी फिरवायची? कुणाला विचारावं तर साडूलाच, आणि साडूला विचारण्यापेक्षा काकांनी गॅरेज पेटवून दिलं असतं. त्यांनी दुसरा मार्ग धरला. साडू दुकानात असेल अशा वेळी "शिडी परत करायला आलो" म्हणून ते त्याच्या घरी गेले. शिडी त्यांनी कधी नेली नव्हती. ती त्यांची स्वतःचीच होती. मेहुणी चहा टाकायला आत गेली आणि काका गॅरेजमध्ये शिरून भिंतीवर विती टाकत चालू लागले.

"भाऊजी, भिंतीवर काय शोधताय?" मेहुणी कप घेऊन दारात उभी होती.

"पाल होती."

"सापडली?"

"मोठी होती. इथून पार तिथपर्यंत."

त्या पालीच्या निमित्तानं काकांनी सगळं डोक्यात भरून घेतलं. मुख्य नळी किंचित उतरती नेली आहे. खाली येणाऱ्या फांद्या तिच्या पोटातून न काढता माथ्यावरून काढून वळवल्या आहेत, म्हणजे दाबलेल्या हवेतून सुटणारं पाणी फांदीत उतरत नाही. हे सगळं ठीक. पण मध्ये एके ठिकाणी ती निळी नळी अचानक हातभर खाली उतरत होती, थोडी आडवी जात होती आणि पुन्हा वर चढत होती. त्या खोबणीत एक लाकडी कपाट बसवलं होतं, आणि नळीच्या अगदी खालच्या भागावर एक पिवळं फडकं लोंबत होतं.

काकांनी बराच विचार केला. कपाटाचं त्यांना नवल वाटलं नाही. मेहुणीला रिकामी जागा दिसली की तिथे कपाट येतं, हे अख्ख्या घराला ठाऊक. नळीनं केलेल्या जागेत तिनं ते बसवलं असणार. पण नळी मुळात खाली का उतरते? त्यात काहीतरी मर्म असल्याशिवाय हा पठ्ठ्या एवढे कोपरे वाया घालवेल का? आपल्याला कळत नाही म्हणजे ते फारच भारी आहे, असं हेवा करणाऱ्याचं गणित असतं.

तेव्हा काकांच्या भिंतीवरही नळी हातभर खाली उतरली, आडवी गेली आणि वर चढली. चार कोपरे जास्त लागले, आठ ठिकाणी जास्त आटे पाडावे लागले, अंगठ्याची सालटं निघाली. शेवटी त्या खालच्या भागापाशी त्यांनी एक खिळा ठोकला आणि त्यावर फडकं टांगलं. पिवळंच.

"ही खालची वाट कशाला?" काकूंनी विचारलं.

"हवेला दम खायला जागा लागते," काका म्हणाले. "तुला नाही कळायचं."

मग गळतीची परीक्षा. साबणाचं पाणी करून ते दाढीच्या ब्रशनं प्रत्येक जोडावर लावायचं. जिथे बुडबुडा येईल तिथे गळती. पहिल्या दिवशी तर नळीला नुसता फेसच आला. काकांनी जोड सोडवले, पुन्हा टेप गुंडाळली, पुन्हा आवळलं. ज्या दिवशी एकही बुडबुडा आला नाही, त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीच्या सायकलींत फुकट हवा भरून दिली. शेजारीण दारातलं पायपुसणं झटकत होती. ते तिच्या हातून घेऊन फर्रर्र करून परत दिलं. छाती अशी फुगली होती, की तीही त्याच नळीनं भरली असावी.

रंगाच्या दिवशी मडगार्ड तारेनं टांगलं. घासून, पुसून, अस्तराचा हात आधीच देऊन तयार. काकांनी फवाऱ्याची बंदूक हातात घेतली, कॉम्प्रेसर खोकला, आणि गर्द हिरवा रंग मखमलीसारखा बसू लागला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठोपाठ बंदुकीतही आलं. मध्येच ती फुर्र, फच्, फच् करून थुंकली. नितळ रंगावर थेंब पडले. काकांनी बंदूक झटकली, पुन्हा मारली, पुन्हा फच्. पाणी अडवायला नळीच्या शेवटी काचेची छोटी वाटी लावली होती, ती काठोकाठ भरून वाहत होती. थोड्या वेळात मडगार्डाला कांजिण्या आल्यासारखे फोड उठले. काकांनी सगळा रंग खरवडून काढला आणि पुन्हा मारला. पुन्हा कांजिण्या.

आप्पांनी दिलेल्या महिन्याचा शेवटचा रविवार तोंडावर आला होता. शनिवारी सकाळी काका तिसऱ्यांदा खरवडलेलं मडगार्ड मांडीवर घेऊन बसले होते, आजारी पोर घेऊन बसावं तसे. बाहेर आवाज आला.

"दादा आहेत का?"

"नाहीत म्हणून सांग," काका दबक्या आवाजात म्हणाले.

"गॅरेजमध्येच आहेत, जा की," काकू मोठ्यांदा म्हणाल्या.

काकांनी मडगार्ड पाठीमागे लपवलं. साडू आत आला तो खाली मान घालून. "दादा, तुमच्याकडेच आलोय. माझ्या मडगार्डावर ओघळ आलाय. रंग जास्त बसला आणि खाली वाहिला. आता काय करू?"

काकांच्या अंगातून गार वारा गेला. ओघळ! चष्मेवाल्याच्या मडगार्डावर ओघळ! घासून काढ सगळं, असं सांगावं असं एकदा जिभेवर आलं. पण काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, आणि शिवाय, कसं काढायचं ते माहीत असून न सांगणं त्यांच्या जिवावर आलं असतं. "पूर्ण वाळलाय ना? मग बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजव, लाकडी ठोकळ्याला गुंडाळ, आणि फक्त ओघळावर फिरव. बोटानं घासू नकोस, खड्डा पडतो."

"वाचवलंत दादा," असं म्हणून साडूनं मान वर केली, आणि ती तशीच वर राहिली. भिंतीवरून त्याची नजर सावकाश सरकत गेली. उतारावरून, फांद्यांवरून, खाली, आडवी, वर. पुन्हा एकदा खाली, आडवी, वर.

"दादा, कपाट कुठंय?"

"कुठलं कपाट?"

"माझं."

काका पाना पुसू लागले.

"म्हणजे, माझ्याकडे आधीपासून भिंतीत कपाट होतं. ते हलवायला हिनं नाही म्हटलं, म्हणून नळी त्याच्याखालून घ्यावी लागली. तुमच्याकडे तर..." साडूचा चेहरा हळूहळू लाल होऊ लागला. "आणि हे फडकं?"

"फडकं आहे ते."

"माझ्या फडक्याखाली कॉक आहे दादा. नळी खाली उतरली की पाणी तिथे साचतं, ते रोज सोडून द्यावं लागतं. हात पुसायचं फडकं मी त्यावर टाकतो. तुमच्या फडक्याखाली काय आहे?"

"खिळा," काकूंनी सांगितलं. "आणि त्या खोबणीत हवा दम खाते."

साडू खाली बसला. आधी त्यानं तोंडावर हात दाबला, मग पोटावर. काकू तर कपबशी ठेवून दाराच्या चौकटीलाच टेकल्या. काकांना वाटलं, धरणी दुभंगावी. तेवढ्यात पाठीमागे धरलेलं मडगार्ड हातातून निसटलं आणि खणखणत साडूच्या पायाशी जाऊन थांबलं. साडूनं ते उचललं, बोटानं चाचपलं, आणि त्याचं हसू थांबलं.

"उद्याच दाखवायचंय की हे," तो म्हणाला. "पाना द्या."

त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या. दोघांनी मिळून ती खोबण सोडवली. आत एवढं पाणी होतं, की साडूची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. काकांनी नवीन सरळ तुकड्याला आटे पाडले, साडूनं तो खालून तोलून धरला. थेंब आपोआप घसरत पलीकडच्या टोकाला जाईल असा उतार दिला, आणि त्या टोकाला पाणी सोडायचा कॉक बसवला. मग काकांनी रंग मारला. एकट्यानं, एका दमात. साडू ओघळ घासायला कधीच घरी पळाला होता. या वेळी बंदूक थुंकली नाही. मडगार्ड असं उतरलं, की त्यात काकांना स्वतःचं नाक दिसलं.

रविवारी दोन्ही मडगार्डं आप्पांच्या पलंगावर मांडली. आप्पांनी चष्मा चढवला. तो साडूच्याच दुकानातला, म्हणजे निकालही त्याच्याच काचांतून, हे काकांच्या नजरेतून सुटलं नाही. आप्पांनी उजेडात धरून पाहिलं, तळवा फिरवला, दोन्हींवर टिचकी मारली. मागच्या मडगार्डावर घासल्याची अंधूक खूण राहिली होती.

"हे," आप्पा म्हणाले आणि पुढचं मडगार्ड उचललं. "गाडी थोरल्यांकडे."

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती साडूनं. "मी म्हटलंच होतं! दादांचा हात तो दादांचा हात."

काका वाट बघत राहिले. आता हा नळीचं सांगेल, कपाटाचं सांगेल, सगळे हसतील. पण साडूच्या डोक्यात तसलं काही नव्हतं. तो खरोखरच खूश होता. ओघळ कसा निघाला ते मेहुणीला कौतुकानं सांगत होता. काकांना आयुष्यात पहिल्यांदा अशा गोष्टीचा हेवा वाटला, जी बाजारातून आणून भिंतीवर बसवता येत नव्हती. हरूनसुद्धा याला काहीच कसं होत नाही? पोटात जरासुद्धा दुखत नाही? हे फार झालं. चष्म्यात पुढे, घरात पुढे, आणि आता चांगुलपणातही पुढे! ते काही त्यांना सहन होईना.

"आप्पा," काका उभे राहिले, "खरं सांगू? माझी नळी चुकली होती. ती यानं सरळ करून दिली."

"छे हो," साडू म्हणाला, "नळी दादांची. मी नुसता पाना धरला."

"पाना धरला? अख्खी पँट भिजवली यानं!"

"ओघळ कसा काढायचा ते तुम्हीच सांगितलंत ना!"

"ओघळाचं काय घेऊन बसलास? पाण्याचं तर तूच ओळखलंस!"

"अहो, पुरे," काकू म्हणाल्या. "आता यातही चढाओढ का?"

पण काकांना हवा लागली होती. साडू आपल्यापेक्षा एक शब्द जास्त चांगला बोलून जाईल, या भीतीनं त्यांनी घोडं पुढे दामटलं. "आणि आप्पा, बंदूक कशी धरायची, हात केव्हा उचलायचा, तेही यानंच दाखवलं. खरा हात याचाच."

हे साफ खोटं होतं.

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "असं होय? बरं झालं सांगितलंत. मग गाडी थोरल्यांकडेच राहू दे, हवा तिथे चांगली आहे. रंग धाकटे मारतील."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून कुणी दिवा काढून न्यावा तसं दिसू लागलं. काकूंनी न सांगता पाण्याचा पेला पुढे केला.

पुढच्या रविवारी ठोकेकाकांच्या गॅरेजमध्ये मोटरसायकलची टाकी तारेनं टांगली होती. दारापाशी उजेडात आप्पांची खुर्ची. साडूनं तोंडाला रुमाल बांधला, बंदूक हातात घेतली, आणि मग वळून हळूच म्हणाला, "दादा, टाकी तुम्ही मारा. आप्पांना मी समजावतो."

काकांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. त्या टाकीसाठी त्यांनी अंगठ्याची सालटं काढली होती, टेबल पळवलं होतं, नसलेली पाल शोधली होती. पण समोर आप्पा होते, काकू होत्या, आणि साडू पुन्हा एकदा चांगुलपणात पुढे निघाला होता.

"नाही नाही, तूच मार," काका म्हणाले. वाक्य संपायच्या आत त्यांना पश्चात्ताप झाला. साडूनं आणखी एकदा तरी आग्रह करावा म्हणून ते थांबले. पण तो सरळ माणूस. "बरं," म्हणाला आणि वळला.

ओल्या रंगाला पाइप घासू नये म्हणून तो कुणीतरी मागून उचलून धरावा लागतो. काकांनी तो धरला. रंग डावीकडून उजवीकडे गेला, पुढच्या फेरीत पहिल्यावर निम्मा चढत परत आला. प्रत्येक फेरीला काकांचं मनगट आपोआप वळत होतं. इथे मी अजून हळू गेलो असतो, असं मनात येई, आणि पुढच्याच क्षणी दिसे की साडूनं तिथे अगदी बरोबर हात उचललाय. यानं शिकावं तरी इतकं लवकर का? टाकी गर्द हिरवी झाली, मग ओली, मग आरशासारखी. बंदूक एकदाही थुंकली नाही.

खुर्चीतून आप्पा म्हणाले, "वा!"

साडूनं मान फिरवली. काकांनीही फिरवली. आप्पा टाकीकडे बघत होते.

ठोकेकाकांनी हातातला पाइप वर उचलला, आणखी थोडा वर, म्हणजे आप्पांना तोही नीट दिसावा.